फ्रिज गार होत नाही: तुमच्या घरी काय निघालं?

पन्हं (धागाकर्ती):
परवा सकाळी चहात दूध घातलं आणि नासलं. पिशवी आदल्याच संध्याकाळी आणलेली. खालचा फ्रिज कोमट, वर फ्रीझरमध्ये बर्फ मात्र दगडासारखा. मेकॅनिक आला, त्याने दार उघडायच्या आधीच निदान केलं, "गॅस संपलाय मॅडम, चार्जिंग करावं लागेल, साडेतीन हजार." मी म्हटलं, गॅस संपला असता तर वर बर्फ कसा झाला? तो म्हणाला, "तेच तर!"

दुसऱ्याला बोलावलं. त्याने फ्रीझरच्या आतलं मागचं पॅनेल काढलं आणि मला हाक मारली. आतली कॉइल दिसतच नव्हती, नुसती पांढरी भिंत. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये सगळी थंडी त्या एका कॉइलवर तयार होते आणि तिथून छोटा पंखा ती हवा खाली पाठवतो. कॉइलवर साचलेला बर्फ अधूनमधून वितळवायला एक हीटर असतो, तो आमचा बंद पडला होता. बर्फ वाढत गेला, हवेची वाट बुजली, खाली दूध नासलं. हीटर आणि त्याचं बायमेटल (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारी बटणाएवढी वस्तू आहे) बदलून चौदाशे लागले.

फ्रिजमधला गॅस सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो, कमी झाला तर कुठेतरी गळतोय. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. तुम्हाला काय काय भोवलं ते लिहा. फसलेले उपाय तर आवर्जून लिहा.

भरीत-भाकरी:
आमच्याकडे दाराचं रबर. मोटार दिवसरात्र चालू, बिल वाढलेलं आणि पाणी जेमतेम गार. शेजारच्या काकांनी दारात दहाची नोट धरून दार लावायला सांगितलं. वरच्या बाजूला नोट ओढून निघेना, खालच्या कोपऱ्यात अलगद हातात आली. तिथे रबराच्या घडीत आमरसाचा ओघळ वाळून खडखडीत झाला होता, मागच्या मे महिन्यातला असावा. जुन्या दातांच्या ब्रशने, गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने काढला. रबर तिथे दबलंही होतं, म्हणून लेकीचा हेअर ड्रायर जरा लांबून फिरवला आणि बोटांनी ओढून आकारात आणलं. नोट आता फाटेल पण निघणार नाही.

रिकामटेकडा:
हवेच्या जाळीसमोर मेथीची जुडी कोंबून ठेवणारे आमचे पिताश्री. मेथीची काच झाली, खालच्या कप्प्यातलं वरण आंबलं. दुरुस्तीचा खर्च शून्य. भांडणाचा वेगळा.

वऱ्हाडी ठेचा:
इकडे अकोल्याकडच्या गावात उन्हाळ्यात संध्याकाळी लाइन इतकी लो येते की ट्यूब फडफडते. फ्रिज पाच-सात मिनिटांनी घुंऽऽ करायचा, मग 'टक्', मग गप. आई म्हणे, "फ्रिज उचक्या देऊन राह्यला." मी रात्री दोनला कान लावून बसलो, खरंच उचक्या! कमी दाबात कॉम्प्रेसर सुरू व्हायला जोर लावतो, तापतो, ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग) त्याला बंद करतो. थंड झाला की पुन्हा तेच. मीटरवर १६५ व्होल्ट दिसले. कॉम्प्रेसर सुरू करून देणारा रिले बदलला, स्टॅबिलायझर लावला, उचक्या थांबल्या. आणखी एक: लाइट गेली-आली की लगेच चालू होऊ द्यायचा नाही, चार-पाच मिनिटं थांबायचं. नळ्यांतला दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. आमच्या स्टॅबिलायझरमध्ये ती सोय आहे, तरी आई प्लग स्वतःच काढते.

रत्नांग्रीची सोलकढी:
पन्हंताई, आमचा मात्र खरोखरच गॅस गेला आणि तो मीच घालवला. एका दाराचा साधा फ्रिज. फ्रीझरमध्ये बोटभर बर्फ, त्यात पापलेटाची पिशवी रुतलेली, पाहुणे बाहेर बसलेले. बटण दाबून बर्फ वितळू देण्याइतका धीर नव्हता. सुरी घातली. 'फुस्स' असा आवाज आला आणि पोटात गोळा. साध्या फ्रिजमध्ये फ्रीझरची ती पत्र्याची भिंत हीच कॉइल असते, नळ्या तिच्यातच. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो. गॅसची शेगडी चालू होती, ती आधी बंद केली, खिडक्या उघडल्या, कुठल्याही बटणाला हात लावला नाही. डाग देऊन, गॅस भरून घेतला, महिन्यात पुन्हा गेला. मग भंगारवाला. पापलेट मात्र निघालं.

बर्फाळ पाटील:
न्यू जर्सीतून. आमचा दुसरा फ्रिज गराजमध्ये असतो. एका जानेवारीत बाहेर हिमवादळ आणि फ्रीझरमधला खवलेला नारळ वितळलेला, पुरणपोळ्या मऊ! बायकोला वाटलं मी रात्री दार उघडं टाकलं. कारण उलटंच निघालं: थर्मोस्टॅट खालच्या भागातलं तापमान बघतो. गराजच तीन अंशांवर, तेव्हा त्याला वाटतं गार आहे की सगळं, आणि तो कॉम्प्रेसर चालूच करत नाही. फ्रीझरला उणे अठरा हवेत हे त्याच्या गावी नाही. फ्रिज बेसमेंटमध्ये नेला, चालला. दार मी बंद केलं होतं हे अजून मान्य झालेलं नाही.

नवीकोरी:
नवा फ्रिज, दिवा लख्ख, आकडे चमकतायत, दोन दिवस गार नाही. दुकानातला डेमो मोड कुणी काढलाच नव्हता. पुस्तिकेत दोन बटणं एकत्र दाबायला सांगितली होती. वाचलं कुणी?

पन्हं (धागाकर्ती):
@बर्फाळ पाटील, तुमची बाजू आता आम्हाला तरी पटली.
कुणाचा दार लावल्यावर आतला दिवा चालू राहिलाय का? मला आता तोही संशय येतोय.

रिकामटेकडा:
मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून आत ठेव, दार लाव, मिनिटाने काढ. आमच्या जुन्या फ्रिजचं दाराचं बटण चिकट होऊन अडकलं होतं आणि आत जुना पिवळा बल्ब. म्हणजे फ्रिजमध्येच छोटी शेगडी. रेकॉर्डिंगमध्ये अंधार दिसला की समाधानाने झोप. आणि गारवा कमी-जास्त करायच्या बटणावरचे १ ते ७ म्हणजे अंश नव्हेत. मोठा आकडा, जास्त गार. मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेव, चारच्या आसपास आला तर ठीक. तापाचा नव्हे हं.

कोथिंबीरवडी:
माझा फसलेला उपाय. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज खाली गार होईना, म्हणून सामान नणंदेकडे हलवून दिवसभर दार उघडं टाकून बंद ठेवला. पुढचे आठ दिवस झकास चालला. मी सोसायटीभर सांगत सुटले. नवव्या दिवशी ताक कोमट. आता वर वाचून कळतंय, मी फक्त बर्फ वितळवला, हीटर तसाच होता. मेकॅनिकला उद्या बोलावलंय.

शिवाय भाजीच्या ट्रेखाली रोज तळं साचतं. ते निराळं दुखणं दिसतंय. आत मागच्या भिंतीत खाली एक भोक आहे, तिथून पाणी जायला हवं ना? आत्ता सुई नसलेल्या सिरिंजने कोमट पाणी मारतेय.

कोथिंबीरवडी:
निघालं! कोथिंबिरीची काडी आणि औषधाच्या बाटलीचं लेबल, गुंडाळी होऊन बसलेलं. तळं आटलं.