सुट्टीत सहकुटुंब स्वयंपाकाचा वर्ग: हौस की हमाली?

शेपूप्रेमी
डिसेंबरात आम्ही पाच जण मोरोक्कोला गेलो होतो. मी, नवरा, सासूबाई (वय ७१), मुलगा चौदाचा, मुलगी आठची. मराकेशच्या जुन्या शहरात एका रियादमध्ये अर्धा दिवस स्वयंपाकाचा वर्ग केला. रियाद म्हणजे आपला वाडाच समजा: बाहेरून नुसती भिंत, आत चौक, संत्र्याची झाडं, सगळ्या खिडक्या आतल्या बाजूला. माणशी ५०० दिरहम, मुलीला निम्मे. तेव्हाच्या भावाने सगळे मिळून १९ हजार रुपये. घरच्या ग्रुपवर फोटो टाकल्याबरोबर आत्याबाईंचा प्रश्न: "एवढ्या लांब जाऊन कांदेच चिरलेत का?" म्हणून हा धागा.

माझ्या मते अख्ख्या सहलीतला सगळ्यात वसूल झालेला खर्च तोच. अट एकच, जी मी निघायच्या आधीच घालून ठेवली होती: घरी रोज जो रांधतो त्याने तिथे सुरीला हात लावायचा नाही. मी चौकात पुदिन्याचा चहा घेत बसले. नवऱ्याने आणि मुलाने कोंबडीचं ताजीन केलं, खारवलेलं लिंबू आणि ऑलिव्ह घालून. (ताजीन म्हणजे शंकूसारख्या झाकणाचं मातीचं भांडं, आणि त्यात मंद शिजवलेला पदार्थही.) सासूबाई 'नुसतं बघते' म्हणत शिरल्या आणि दहा मिनिटांत परात त्यांच्याच ताब्यात होती.

एक गोष्ट तर आता आमच्या घरी रोजचीच झाली आहे. टोमॅटो आडवा अर्धा कापायचा, कापलेली बाजू किसणीला लावायची आणि तळहाताने दाबत किसायचा. गर खाली पडतो, सालाची चपटी चकती हातात उरते. उकळा, सोला ही भानगडच नाही. सासूबाई म्हणाल्या, "साठ वर्षं फुकट घालवली."

उंटावरचा शहाणा
तुमचा दिवस चांगला गेला याचा आनंद आहे, पण सरसकट शिफारस करू नका. आम्ही तिथल्याच फेस शहरात असाच वर्ग केला. बारा पर्यटक, बारा छोटी ताजीनं, बारा रंगीत ॲप्रन. मांस आधीच अर्धं शिजवून ठेवलेलं. आम्ही त्यावर गाजरं आणि बटाटे मनोऱ्यासारखे रचले, फोटो काढले, झाकण ठेवलं. शिजवलं त्यांनी. याला वर्ग म्हणायचं असेल तर हळदीकुंकवाला जाऊन आलेला माणूसही पुरोहित.

त्याआधी 'बाजारफेरी' होती. बाजारफेरी म्हणजे ठरलेल्या एकाच मसाल्याच्या दुकानात पाऊण तास. 'रास अल हानूत', म्हणजे शब्दशः दुकानाचं डोकं, दुकानदाराचा सर्वात उंची मसाला. तो घेतला. केशरही घेतलं, स्वस्त मिळालं म्हणून खूश होतो. घरी येऊन दुधात टाकलं तर करडईच्या पाकळ्या. मी मूळचा सोलापूरचा. सोलापूरच्या माणसाला करडई विकली!

एक आळशी सुगरण
करडईवर हसून घेतलं, आता मुद्दा. शेपूप्रेमी, तुमची अट वाचून टाळी वाजवली. पण अशा किती बायका आहेत? आमच्याकडे असा वर्ग झाला तेव्हा नवरा व्हिडिओ काढत होता, मुलगा फोनवर आणि कणीक मळत होते मी. तिथेही! वर शिकवणाऱ्या बाईंनी कौतुक केलं, "तुमचा हात तयार आहे." असणारच, पंचवीस वर्षं तेच करतेय. मला सुट्टीत कोणीतरी आयतं ताट वाढावं एवढंच हवं असतं. 'कुटुंबाने एकत्र वेळ घालवणे' या गोड नावाखाली बाईला परत ओट्याशीच उभं करतात. १९ हजारांत मराकेशमध्ये पाच जण हमाममध्ये, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, अंग चोळून घेऊन, वर झकास जेवून येतात.

जोर्फवाला
मोरोक्कोतल्या जोर्फ लास्फर बंदराला खतांच्या कारखान्यात दोन वर्षं होतो. (आपल्याकडच्या कंपन्यांची तिथे फॉस्फरिक ॲसिडच्या प्रकल्पात भागीदारी आहे, त्यामुळे अधूनमधून मराठी माणूस भेटतो.) दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलतो.

वर्गात ताजीनच का शिकवतात? कारण ते सोपं आहे. कांदा, मसाला, मांस, भाजी भांड्यात लावायची आणि कोळशाच्या शेगडीवर मंद ठेवून द्यायची. शंकूसारख्या झाकणाला वाफ लागते आणि पाणी होऊन परत खाली उतरते. दीड तास माणूस मोकळा. खरं कौशल्य कुसकुसात आहे आणि ते अर्ध्या दिवसात बसत नाही. सुरुवात रव्यापासून: पाणी आणि पीठ शिंपडत तळहाताने गोल गोल वळून त्याचे दाणे करायचे. आजीने लग्नासाठी केलेले गव्हले ज्यांनी पाहिलेत त्यांना ती चिकाटी कळेल. मग वाफवायचं, मोठ्या परातीत ओतायचं, मिठाचं पाणी आणि लोणी लावून बोटांनी मोकळं करायचं, परत वाफवायचं. असं तीनदा. हल्ली बहुतेक घरांत दाणे विकतचे असतात, पण तीनदा वाफवणं सुटलेलं नाही. २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत कुसकुस गेला तो मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चौघांच्या मिळून अर्जावर. एरवी यातल्या पहिल्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत होत नाही.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर सहकाऱ्याच्या घरी बोलावणं असायचं. एकच मोठी परात, भोवती सगळे, प्रत्येकाने आपल्या पुढ्यातलंच खायचं. सोबत ल्बेन, म्हणजे चक्क ताक. ते कुठल्याच वर्गात मिळणार नाही. पण आठ दिवसांसाठी आलेल्या पर्यटकाला शुक्रवारी घरी कोण बोलावणार? म्हणून वर्ग ठीक.

वरणभात
आम्ही शाकाहारी. तिथे 'सात भाज्यांचा कुसकुस' मोठ्या विश्वासाने मागवला, वर सगळ्या भाज्याच होत्या. खाऊन झाल्यावर कळलं की भाज्या मांसाच्या रश्श्यात शिजतात. वाढणाऱ्याचा काही दोष नाही, त्याच्या लेखी मांस काढून टाकलं की झालं शाकाहारी. म्हणून मला वर्ग पटतो: भांड्यात काय पडतंय ते डोळ्यांसमोर असतं. झालूक केलं आम्ही, वांगं विस्तवावर भाजून टोमॅटो, लसूण, जिरं, लाल तिखट आणि ऑलिव्ह तेल. भरीतच हो. आणि म्समेन म्हणजे चौकोनी घडीची पोळी, फक्त घडीत रवा भुरभुरायचा. सकाळच्या थंडीत फावा बीन्सचं बिस्सारा मिळालं तर सोडू नका, पिठल्याचा सख्खा भाऊ.

उंटावरचा शहाणा
भरीत आणि घडीची पोळीच करायची तर विमानाचं तिकीट कशाला?

वरणभात
तुम्ही करडई आणायला गेलात तसंच.

नदीकाठची
एक वेगळा मुद्दा. अशा वर्गात शिकवणाऱ्या बाईला बऱ्याचदा 'दादा' म्हणतात. (हो, दादा म्हणजे बाई. माझ्या मुलाला अजून पचलेलं नाही.) जुन्या श्रीमंत घरांत रांधणाऱ्या आणि मुलं वाढवणाऱ्या दादा अनेकदा सहाराच्या दक्षिणेकडून आणलेल्या गुलाम बायका किंवा त्यांच्या लेकी असत. ज्याला आपण 'राजेशाही पाककृती' म्हणून मिटक्या मारतो ती पुष्कळशी त्यांच्या हातातून आली. आज हेच नाव माहितीपत्रकावर छापतात आणि फीपैकी बाईच्या हाती किती पडतं ते कोणी सांगत नाही. पैसे द्यायचेच तर शिकवणारीला मिळतील असं ठिकाण बघा. मराकेशला अमल नावाची ना-नफा संस्था गरजू बायकांना स्वयंपाकाचं प्रशिक्षण देते. तिथे वर्गही होतात, जेवायलाही मिळतं.

शेपूप्रेमी
नदीकाठची, हे मला जाण्याआधी कळायला हवं होतं. आमच्या बाईंना आम्ही निघताना वेगळे पैसे दिले, पण ती बक्षिसी झाली. मजुरीचा प्रश्न तसाच राहतो.

शहाणे, एक कबुली. सगळंच गोड नव्हतं. आमच्या बाजारफेरीत कोंबडी जिवंत निवडायची होती. मी मुलीला पुढे घेऊन गेले, तरी तिला आवाज आला. त्या दिवशी ती नुसता पाव आणि ऑलिव्ह जेवली. लहान मुलं असतील तर हे आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

पण तिला जे लक्षात राहिलंय ते भलतंच: पाव. कणीक आम्ही मळली आणि तिने फळीवर फडकं झाकून गल्लीतल्या फर्रानमध्ये, म्हणजे सार्वजनिक भट्टीत, नेऊन दिली. तिथे आख्ख्या मोहल्ल्याच्या फळ्या रांगेत. भट्टीवाला कुठला पाव कुणाचा ते नुसत्या नजरेने ओळखतो. सासूबाई म्हणाल्या, दिवाळीत आम्ही पिठाचे डबे घेऊन नानकटाईला बेकरीत जायचो आणि आपल्याच पत्र्यावर डोळा ठेवून बसायचो, तस्संच.

जोर्फवाला
खारवलेलं लिंबू घरी केलंत का?

शेपूप्रेमी
केलं. बुडाशी जोडलेलीच राहतील अशा चार चिरा, आत गच्च मीठ, बरणीत दाबून, वर लिंबाचाच रस. महिनाभर थांबायचं. तिथे साल वापरतात आणि गर बहुधा काढून टाकतात. सासूबाईंच्याने टाकवेना, तो आता आमटीत जातो.

एक आळशी सुगरण
बाकी राहू दे. परत आल्यापासून नवऱ्याने ताजीन किती वेळा केलं?

शेपूप्रेमी
तीन वेळा. कुकरमध्ये नाही, जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण न उघडता. भांडी मात्र अजून माझ्याकडेच आहेत.