मदत हवी आहे: आरसी (रिमोटवरच्या) कारसाठी छोटा चार्जर, रविवारच्या आत

धूळमाखी_बग्गी | गुरुवार, रात्री १०:४२
मंडळी, रविवारी रेस आहे आणि माझा चार्जर गेला. बॅटरी लावली की टीं टीं करतो आणि थांबतो. बॅगेत मावेल असा छोटा चार्जर सुचवा. आत्ताचा आहे विटेएवढा, त्यात त्याला सप्लाय वेगळा. बजेट ५-६ हजार. उद्या ऑफिसमधून सुटल्यावर घेऊनच टाकायचाय, तेव्हा कृपया मॉडेलचं नाव द्या, बाकी नंतर वाचतो.

पर्वतीचा_पिस्टन | रात्री १०:५५
बॅटरी कुठली? लायपो (लिथियम पॉलिमर) की निकेलवाली? किती सेल? प्लग कुठला? आणि ट्रॅकवर लाईटचा पॉइंट आहे का? एवढं कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल देणं.

धूळमाखी_बग्गी | रात्री १०:५८
साधीच हो, ५०००ची. १/१० बग्गी (खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची) आहे. आणखी काय लागतं?

बी६_भक्त | रात्री ११:०३
आयमॅक्स बी६ घ्या आणि मोकळे व्हा. मी कितीतरी वर्षं तोच वापरतोय. लायपो १ ते ६ सेल, निकेल १५ सेलपर्यंत, ५ अँपियर. घरात थेट प्लगला लावायचा असेल तर बी६एसी घ्या. साध्या बी६ला बाहेरून १२ व्होल्ट द्यावे लागतात, हे दुकानदार सांगत नाही आणि माणूस घरी येऊन हात चोळत बसतो.

पर्वतीचा_पिस्टन | रात्री ११:११
बी६ चांगला आहे, पण वॅट बघा ना. तो ५० वॅटचा. ५००० एमएएच (मिलीअँपियर-अवर) म्हणजे १ सीला, म्हणजे तासाभरात भरायच्या वेगाला, ५ अँपियर. दोन सेलची बॅटरी भरत आली की ८.४ व्होल्ट, गुणिले ५ म्हणजे ४२ वॅट. जमलं. पण हीच बॅटरी तीन सेलची असेल तर १२.६ गुणिले ५, म्हणजे ६३ वॅट. तिथे बी६ आपोआप ४ अँपियरवर उतरणार. डब्यावरचे '५ अँपियर' वाचून कुणी घेऊ नका, वॅट वाचा. म्हणून विचारतोय, दोन सेल की तीन?

हेली_काका | रात्री ११:२०
एवढ्याशा चार्जरच्या मागे लागण्यापेक्षा एक दणकट चार्जर आणि पॅरलल बोर्ड (बऱ्याच बॅटऱ्या एकत्र जोडायची पट्टी) घ्या. मी हेलिकॉप्टरच्या चार-चार बॅटऱ्या एकदम लावतो. एका तासात सगळं तयार.

सोल्डरची_वाफ | रात्री ११:२६
काका, नवीन माणसाला पॅरलल बोर्ड सुचवू नका हो. एक बॅटरी भरलेली आणि एक रिकामी चुकून एकत्र लावली, तर भरलेली रिकामीत इतका करंट ओतते की चार्जर मध्ये काहीच करू शकत नाही. माझ्या डोळ्यांसमोर बॅलन्सची (प्रत्येक सेलला वेगळी जाणारी बारीक) वायर वितळलीय. काळं प्लास्टिक टेबलाला चिकटलं ते अजून निघालेलं नाही.

हेली_काका | रात्री ११:३१
लावण्याआधी व्होल्टेज मोजायचं, एवढी शिस्त हवी. मी कधी चुकलो नाही.

सोल्डरची_वाफ | रात्री ११:३४
तुम्ही चुकला नाहीत हे खरं. पण ह्यांना रेसच्या दिवशी दोन फेऱ्यांच्या मध्ये घाईत लावायचं आहे.

कात्रज_टू_कर्वेनगर | रात्री ११:४०
ब्रशलेस मोटर टाकली का? १/१० बग्गीला ब्रशलेस टाकल्यावर जो फरक पडतो ना! १३.५ टर्न टाका, बघा.

धूळमाखी_बग्गी | शुक्रवार, सकाळी ७:१५
मोटर विचारलेली नाही. दोन सेलची आहे, हार्डकेस. अशा दोन. मुलाच्या गाडीची निकेलवाली ७.२ व्होल्टची आहे, तिला टॅमिया प्लग. माझ्यांना टी-प्लग. आणि मैदानावर पॉइंट नाही. पॉइंट असता तर विटेएवढा चार्जर कशाला खटकला असता.

पर्वतीचा_पिस्टन | सकाळी ७:३२
मैदानावर पॉइंट नाही हे तर पहिल्या ओळीत यायला हवं होतं! आता अख्खं गणित बदललं. काल रात्रीचं बी६एसीचं विसरा. तिथे वीज कुठून घेणार?

धूळमाखी_बग्गी | सकाळी ७:३६
स्कूटरवरून जातो. तिच्या बॅटरीवर लावतो.

पर्वतीचा_पिस्टन | सकाळी ७:५०
ते अजिबात करू नका. स्कूटरची बॅटरी साधारण १२ व्होल्ट, ५ एएचच्या आसपास, म्हणजे जेमतेम ६० वॅट-अवर. तुमची एक बॅटरी ३७ वॅट-अवरची, चार्जरमध्ये वाया जातं ते धरून ४५ तरी लागतात. एक चार्ज केलात की किक मारत बसाल. यूपीएसमधली ७ एएचची आणली तरी तेच. ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाताशी ४२. एक चार्जही धड नाही. कुणाची तरी गाडी असेलच ना तिथे? कारच्या ३५ एएच बॅटरीला दोन चार्ज जड जात नाहीत.

कात्रज_टू_कर्वेनगर | सकाळी ८:०५
घरी चार्ज करून नेणार असाल तर आजच करून ठेवा. आमच्याकडे काल गुरुवार, दुरुस्तीचा वार म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत लाईट नव्हती. पाणीही नाही. दोन्ही एकाच दिवशी का काढतात कळत नाही.

बी६_भक्त | सकाळी ८:१२
आमच्याकडे तर दर गुरुवारी. लिफ्ट बंद, सासूबाई पाचव्या मजल्यावर.

सोल्डरची_वाफ | सकाळी ९:०१
मूळ पोस्ट पुन्हा वाचली. टीं टीं करतो म्हणजे चार्जर गेला असं कसं ठरवलं? गेलेला चार्जर टीं टीं करत नाही. स्क्रीनवर काय येतं? दुसरी बॅटरी लावून पाहिली का? मल्टिमीटर असेल तर बॅलन्सच्या पांढऱ्या प्लगमध्ये आधी काळी आणि मधली वायर मोजा, मग मधली आणि लाल. टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

धूळमाखी_बग्गी | दुपारी १:२०
'लो व्होल्टेज' येतं. जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन मोजलं. २.९१ आणि २.३८. दुसरी बॅटरी लावली तर चार्ज व्हायला लागली. मागच्या रविवारी ही पहिली गाडीतच राहिली होती. स्विच बंद केला होता असं मला वाटतं.

सोल्डरची_वाफ | दुपारी १:३१
म्हणजे चार्जर ठणठणीत, बॅटरी गेली. स्विच बंद असला तरी ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) थोडाथोडा करंट खात राहतो, प्लग काढूनच ठेवायचा. लायपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की आतून बिघडायला लागतो. तुमचा एक २.३८वर आहे.

हेली_काका | दुपारी १:४०
उठेल की. निकेल मोडवर अर्ध्या अँपियरने दोन-तीन मिनिटं लावा, ३च्या वर आली की लायपो मोडवर घ्या. मी कितीतरी उठवल्यात.

सोल्डरची_वाफ | दुपारी १:४४
काका, तुम्हाला मान आहे, पण हे इथे लिहू नका. निकेल मोड सेलकडे स्वतंत्र बघत नाही, चार्जरचं संरक्षण त्या वेळी बंदच असतं. उठल्यावरही तो सेल कमजोरच. रेसमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की तोच आधी कोसळणार. घरात मूल आहे, असली बॅटरी उशाशी चार्जला नको.

हेली_काका | दुपारी २:१०
घरात मूल आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. मग नको. बदला ती.

धूळमाखी_बग्गी | दुपारी २:२५
हार्डकेस बाहेर काढताना ट्रेमध्ये अडकत होती. आता नीट बघतो तर मधोमध किंचित फुगलीय, टेबलावर ठेवली की डुगडुगते. बाल्कनीत वाळूच्या कुंडीत ठेवून आलो. तरीही छोटा चार्जर मला हवाच आहे. वीट घेऊन फिरायचा कंटाळा आलाय.

पर्वतीचा_पिस्टन | दुपारी २:४८
मग माझं मत सांगतो. टूलकिटआरसी एम६. मुठीत मावतो, १५० वॅट, १० अँपियर. इनपुट ७ ते २८ व्होल्ट डीसी, म्हणजे मैदानावर कारची बॅटरी आणि घरी जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर चालतो. अडॅप्टर १९ व्होल्ट, ४.७४ अँपियरचा असेल तर ९० वॅट होतात, दोन सेलला ५ अँपियरने भरायला पुरेसे. प्लस-मायनस दोनदा तपासा. निकेलही चार्ज होते, मुलाची सोय झाली. पण बजेटमधले पैसे आधी नव्या बॅटरीला ठेवा, चार्जर त्यानंतर.

बी६_भक्त | दुपारी ३:०५
बी६ पण १२ व्होल्टवर चालतो, हे विसरू नका.

पर्वतीचा_पिस्टन | दुपारी ३:०९
चालतो, मान्य. पण त्याचा डिस्चार्ज ५ वॅटचा. भरलेली ५०००ची बॅटरी न वापरता घरी आणली तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या स्टोरेजवर (न वापरता ठेवायच्या पातळीवर) उतरवायला चार तास लागतात. त्यापेक्षा गाडी फिरवून उतरवा.

धूळमाखी_बग्गी | रात्री ९:३०
तपकीर गल्लीत, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन आलो. गाडी लावायला जागा मिळेना, शेवटी पासोड्या विठोबापाशी लांब लावून चालत गेलो. एम६ दोन दुकानांत नव्हता, तिसऱ्यात मिळाला. बॅटरीही घेतली, पण तिला एक्सटी६० प्लग आहे आणि माझ्या ईएससीला टी-प्लग. सोल्डरिंग गन घरात आहे, पण जाड वायरवर कथील धरतच नाही, गोळा होऊन खाली पडतं.

सोल्डरची_वाफ | रात्री ९:४४
गन छोटी आहे, तापत नाही. ६० वॅटची तरी हवी. आणि बॅटरीचा प्लग कापायला घेऊ नका, ईएससीचा बदला. उद्या सकाळी ९ला पर्वतीच्या पायथ्याशी या, माझ्याकडे दोन एक्सटी६० पडलेत. श्रिंक ट्यूब (जोडावर चढवून तापवायची नळी) तुम्ही आणा, माझी संपलीय. बग्गी आणा, बॅटरी घरी ठेवा.

धूळमाखी_बग्गी | रात्री ९:४७
येतो. मुलालाही आणतो, त्याला बघायचंय.