रॅम 'नंतर वाढवू' म्हणण्याआधी

लॅपटॉप घेताना 'घरगुती वापराला ८ जीबी रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी) पुरे, लागली तर नंतर वाढवू' असा सल्ला या चर्चेत आलाय. त्यातलं 'नंतर वाढवू' आता गृहीत धरू नका. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली असते. अ‍ॅपलच्या एम-१ पासूनच्या मॅकबुकमध्ये तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असते, त्यामुळे घेताना जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत.

मुलीच्या कॉलेजसाठी दोन वर्षांपूर्वी आम्ही ८ जीबीचा घेतला. ब्राउझरचे दहा-बारा टॅब आणि एक व्हिडिओ कॉल, एवढ्यातच अडखळायला लागला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडून दाखवलं: एसएसडी (फाइल्स साठवायची ड्राइव्ह) बदलता येत होती, रॅम नाही. फार चुटपुट लागली, कारण घेतानाच थोडे पैसे जास्त घातले असते तर भागलं असतं. तेव्हा दुकानात जाण्याआधी मॉडेलचं पूर्ण नाव टाकून कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशन वाचा. तिथे 'एलपीडीडीआर' (LPDDR, सहसा सोल्डर केलेली असते तो रॅमचा प्रकार) किंवा 'सोल्डर्ड' दिसलं, तर पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्या. त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी माझ्या मते चालेल. मोकळा 'सोडिम' स्लॉट (SO-DIMM, रॅमची सुटी पट्टी बसवायची खाच) असेल तर मात्र ८ वर सुरुवात करायला हरकत नाही.