पहिला भाग पाहिला, आणि... : लाडक्या विज्ञानमालिकेचा नवा अवतार (अनुभव धागा)

सातारा (धागा मीच काढतोय, म्हणून सुरुवात माझी)

डालड्याच्या रिकाम्या डब्याला मामाने छिन्नीने आडवी चीर पाडून दिली होती. बूड कापलेलं. डबा स्टुलावर पालथा ठेवायचा, खालून हात घालून आत बॅटरी धरायची, बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद. मग दिवे घालवायचे आणि बॅटरी सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवायची. अंधारात चिरेतून लाल उजेड सरकायचा. धाकटी चुलत बहीण हमखास रडायची. हा आमचा सायलॉन (मालिकेतला माणसांचा शत्रू, लाल डोळा फिरवणारा यंत्रमानव), मुक्काम पोस्ट मंगळवार पेठ.

मालिका म्हणजे १९७८ ची 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'. मस्कतच्या काकांनी टेपा आणल्या होत्या. व्हीसीआर भाड्याचा, त्यामुळे एका रात्रीत जेवढं होईल तेवढं बघायचं. इंग्रजी कोणालाच धड कळत नव्हतं. गोष्ट आम्ही आमचीच रचली होती, आणि ती फार चांगली होती.

नवी आवृत्ती अमेरिकेत डिसेंबर २००३ मध्ये आली. मी ती २००६ च्या दिवाळीत सीडीवर बघितली, फराळाचं ताट मांडीवर घेऊन. सुरुवातीला एक अंतराळस्थानक. एक म्हातारा अधिकारी टेबलापाशी एकटाच बसलाय. दर वर्षी तो सायलॉनांच्या दूताची वाट बघत असा बसतो आणि चाळीस वर्षांत कोणी फिरकलेलं नाही. दार उघडतं, दोन यंत्रं आत येऊन बाजूला उभी राहतात, आणि त्यांच्यामधून चालत येते एक सोनेरी केसांची बाई. सायलॉन म्हणे आता माणसासारखेच दिसतात! मी चकली ताटात ठेवली. अरे, माझा डबा कुठाय?

बंदच करणार होतो. पण थोडं पुढे गॅलॅक्टिका हे अंतराळातलं लढाऊ जहाज निवृत्त करून त्याचं संग्रहालय करण्याचा समारंभ आहे, आणि तिथे मांडून ठेवलेला जुना, चकचकीत, लाल डोळ्याचा सायलॉन दिसला. तोच. वर समारंभात जी धून वाजते ती स्टू फिलिप्सची १९७८ ची, इथे तिचं राष्ट्रगीत केलंय. अंगावर काटा आला. फेकून दिलं नव्हतं, नीट पुसून ठेवलं होतं.

तर मंडळी, विषय हा. जुनी मालिका मनात असताना नवी लावली तेव्हा पहिल्या एक-दोन भागांत काय झालं, तेवढंच लिहा. मालिका कोणतीही चालेल. शेवट फोडू नका.

कराड

आमच्या घरात जुन्याचा भक्त माझा भाऊ. त्याचा देव स्टारबक: सिगार ओढणारा, पत्ते कुटणारा, उडाणटप्पू पायलट. नव्यात स्टारबक बाई आहे हे त्याला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. "बाईला स्टारबक म्हणायचं तर आपल्या आत्याला चुलता म्हणा," असं म्हणून तो गच्चीवर निघून गेला. (मूळ स्टारबक झालेला डर्क बेनेडिक्टही या बदलावर जाहीरपणे चिडला होता, म्हणजे भाऊ एकटा नव्हता.)

मी शाळेत खेळ शिकवते. ही नवी स्टारबक झालेली केटी सॅकहॉफ आली ती धावतच, घामाघूम, जहाजाच्या बोळातून. असं धावणारी बाई पडद्यावर मला फारशी दिसलेली नाही. धावताना केसांची काळजी नाही, चेहऱ्याची नाही. मग पत्त्यांचा डाव, वरिष्ठ अधिकारी टेबल उलटवतो आणि ही त्याला सरळ एक ठोसा ठेवून देते. मी एवढी जोरात हसले की भाऊ खाली आला. दारात उभा राहिला. "बस की रे," म्हटलं तर म्हणे, "मी बघत नाहीये." उरलेला दीड तास त्याने उभ्याने बघितला नाही.

सांगली

नमस्कार. मला विज्ञानमालिकांचा नाद नाही, नाद पोराला. पण या धाग्यावर मीही चार ओळी लिहाव्यात असं तो म्हणाला, कारण ती गॅलॅक्टिका बघताना मी त्याला तीन वेळा थांबवायला लावली होती.

मी दूरध्वनी खात्यात लाइनमन होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पोरगा बघत होता, मी मागून पेपर वाचत होतो. मान वर केली तर अंतराळात उडणाऱ्या जहाजात कप्तानाच्या हातात वायरचा फोन! गुंडाळीची वायर, जड रिसीव्हर, भिंतीला खुंटी. मी म्हटलं, "काय रे, एवढं मोठं जहाज आणि मोबाईल न्हाई व्हय?" पोराने सांगितलं, तीच तर गोष्ट आहे. शत्रू कॉम्प्युटरमधून आत शिरतो म्हणून हा म्हातारा अडामा जहाजातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडूच देत नाही. लोक त्याला जुनाट म्हणतात. मग हल्ला होतो, नवीकोरी लढाऊ विमानं हवेतच दिवे विझल्यासारखी बंद पडतात, आणि संग्रहालयात ठेवलेली जुनी विमानं बाहेर काढावी लागतात.

इथे मी पेपर बाजूला ठेवला.

सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आम्ही शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर नऊ माणसं आणि एक शेळी. वीज गेलेली, मोबाईल एकेक करून मेले. शेजाऱ्यांकडे जुना वायरचा फोन होता, तो मात्र आणखी दीड दिवस चालू होता. लोकांना तो चमत्कार वाटला. चमत्कार कसला, त्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट येतात, घरातल्या विजेशी त्याचा संबंध नाही. एक्स्चेंज जिवंत तोवर फोन जिवंत. मी दर तासाला रिसीव्हर कानाला लावून टोन ऐकायचो. कुणाला फोन करायचा म्हणून नव्हे, नुसता टोन.

ही मालिका करणाऱ्याला हे कळलेलं आहे. एकच तक्रार. ती माणसं रिसीव्हर फार आपटतात. असा आपटल्यावर आतला क्रॅडल स्विच किती दिवस टिकणार? आमच्या साहेबांनी मेमो दिला असता.

सांगली, दुसरा

वरच्या काकांना दंडवत. माझा छापखाना आहे. मला फोन दिसलेच नाहीत, मला दिसले कागद. त्या मालिकेत प्रत्येक कागदाचे, फायलींचे, पुस्तकांचे चारी कोपरे कापलेले आहेत! कटिंगवर किती वाया जात असेल, या हिशेबात माझं अर्धं कथानक गेलं.

कोरेगाव

मी विरोधी पक्षात. कॅमेरा सारखा हलतो, डुगडुगणाऱ्या जीपमध्ये बसून लग्नाचं शूटिंग केल्यासारखा. अंतराळातही हलतो, धप्पकन झूम करतो. वीस मिनिटांत माझं डोकं चढलं. मुद्दाम तसं केलंय, खरं वाटावं म्हणून, हे मला दहा जणांनी समजावलंय. समजलं. डोकं तरी चढतंच.

आणि बाजारातला तो प्रसंग, बाळ आणि ती बाई. ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. मी तिथेच उठलो. जुन्यात माणसं मरायची पण आपण मुलांना शेजारी बसवून बघू शकत होतो. एवढंच म्हणणं आहे.

मिरज

मी परिचारिका. जुनी मालिका मी बघितलेलीच नाही, त्यामुळे इथे लिहायचा हक्क आहे का माहीत नाही. पण "पहिले एक-दोन भाग" असं म्हटलंय म्हणून.

२०२१ च्या पावसाळ्यात, दुसरी लाट ओसरल्यावर, मैत्रिणीने पेन ड्राइव्ह दिला. सुरुवातीच्या मोठ्या भागानंतर जो पहिला नेहमीचा भाग येतो त्याचं नाव नुसतं '३३' आहे. दर ३३ मिनिटांनी शत्रू येतो. प्रत्येक वेळी सगळ्या जहाजांनी उडी मारून निसटायचं, पुन्हा ३३ मिनिटं मोजायची. पाच दिवसांहून जास्त काळ कोणी झोपलेलं नाही. डोळे लाल, दाढी वाढलेली, एकमेकांवर खेकसणं, मग लगेच विसरणं. त्यात कोणी भाषण देत नाही. माणसं फक्त घड्याळ बघतात.

मला आठवले एप्रिलचे दिवस. पीपीई चढवल्यावर पाणी नाही, बाथरूम नाही, आणि मॉनिटर वाजला की पाय मेंदूच्या आधी धावायचे. घरी गेल्यावर कुकरची शिट्टी झाली तरी मी उठून उभी राहायचे.

पण रडू आलं ते दुसऱ्याच गोष्टीला. मालिकेतली राष्ट्राध्यक्ष म्हणजे खरं तर शिक्षणमंत्री, वारसांच्या यादीत ४३ वी. वरचे सगळे गेले म्हणून तिने शपथ घेतलेली. तिच्या मागे एक पांढरा फळा असतो. त्यावर जिवंत उरलेल्या माणसांचा आकडा. ती तो पुसून कमी करत राहते. आमच्या वॉर्डाच्या दाराशीही फळा होता, रात्रपाळीला तो लिहायचं काम माझं. बोटानेच पुसायचे मी, डस्टर कधी जागेवर नसायचं. त्या भागाच्या शेवटी ती फळ्यावर एक वाढवते. का ते सांगत नाही, शेवट फोडू नका म्हटलंय.

त्यानंतरचा भाग मी अजून पाहिलेला नाही.

सातारा (धागाकर्ता)

मिरजेच्या ताई, हक्क पुरेपूर आहे. हवं तेव्हा पुढचा भाग बघा, न बघितलात तरी काही बिघडत नाही.

विटा

माझा किस्सा 'लॉस्ट इन स्पेस'चा. जुनी १९६५ ची, चुलत भावाने अमेरिकेहून डीव्हीडी आणल्या होत्या. त्यातला रोबो म्हणजे कणगीला हात फुटल्यासारखा. हातांच्या पन्हळी नळ्या हलवत "धोका, धोका" ओरडणारा. मला तो फार प्रिय. नेटफ्लिक्सवर २०१८ ला नवी आली तेव्हा मुलगी सातवीत होती. पहिलाच भाग लावला. नवा रोबो परग्रहावरचा, तोंडाच्या जागी नुसते फिरणारे ठिपके. मी नाक मुरडलं. आणि लबाड डॉक्टर स्मिथ इथे बाई! आमची आई म्हणाली, "बरं झालं, लबाडीत बायकांना कधी संधीच मिळत नव्हती."

पण मी विज्ञानाचा मास्तर. कुटुंबातली मोठी मुलगी बुडालेल्या यानात उतरते आणि वर येताना आजूबाजूचं पाणी गोठतं, ती बर्फात अडकते. बर्फ वितळवायला बाप आणि धाकटा मुलगा मॅग्नेशिअम शोधायला निघतात. मुलीने मला कोपराने ढोसलं, "बाबा, तुमची फीत!" दर वर्षी वर्गात चिमट्यात धरून मी मॅग्नेशिअमची फीत जाळतो, पांढराशुभ्र उजेड पडतो, पोरं डोळे मिटतात, खाली राख उरते. तेवढाच माझा जादूचा प्रयोग. त्या दिवशी पहिल्यांदा मुलीला तो उपयोगाचा वाटला. नाक मुरडणं तिथे थांबलं. जुन्या रोबोची आठवण अजून येते, ती गोष्ट वेगळी.

सातारा, पोवई नाका

थोडक्यात. 'व्ही'. १९८३ ची आम्ही व्हिडिओ पार्लरमध्ये दाटीवाटीने बसून बघितली. परग्रहावरून पाहुणे म्हणून आलेली, माणसांसारखी दिसणारी गोड मंडळी, आणि मग त्यांच्यातली बाई अख्खा उंदरासारखा प्राणी गिळते! पार्लरमध्ये एकाने चहाचा ग्लास सोडला. २००९ च्या नवीत कातडीखालची सरड्याची खवलं पहिल्याच भागात दाखवून मोकळे. ज्याला माहीत आहे त्याला धक्का नाही, ज्याला माहीत नाही त्याला वाट बघायला लावली नाही. दोन सीझनमध्ये गाशा गुंडाळला. मला नवल वाटलं नाही.

कोणीतरी आपल्या दूरदर्शनची 'स्पेस सिटी सिग्मा' पुन्हा काढावी, असं मित्र म्हणतो. पुठ्ठ्याच्या भिंतींसकट काढणार असाल तर काढा.

वाई

आमच्या आजोबांचा किस्सा लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुनी गॅलॅक्टिका मी इंटरनेटवर शोधून पाहिली होती, तिचं बँडबाजासारखं संगीत आवडायचं. नवीच्या सीडी मित्राकडून आणल्या. संध्याकाळी सातची वेळ, घाटावरून आरतीचा आवाज येतोय. शीर्षकगीत सुरू झालं आणि मी गारच झालो. बाई संथ सुरात गातेय: ओम् भूर्भुवः स्वः. गायत्री मंत्र! अमेरिकन मालिकेत!

आजोबांनी जन्मभर संस्कृत शिकवलं. आतल्या खोलीतून पंचा सावरत बाहेर आले. त्यांना वाटलं, नातवाला उपरती झाली. पडद्यावर जहाजं उडताना बघून क्षणभर थबकले, मग खुर्ची ओढून बसले. "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. "'वरेण्यं' जरा ओढते आहे. पण श्रद्धेनं म्हणते." मंत्र संपला आणि ढोलांच्या ठेक्यावर त्या भागातली दृश्यं भराभर उडायला लागली, तसे दचकले. "संध्येनंतर हे ढोल कशाला?"

मालिका त्यांनी कधी बघितली नाही. पण पुढे रोज सात वाजले की आतून हाक यायची, "लागली का रे तुझी विमानांची संध्या?" येऊन बसायचे, मंत्र ऐकायचे, आणि ढोल सुरू व्हायच्या आत उठून जायचे.