मदत हवी आहे: मुंबईच्या २७ वर आयएलएस करताना विमान धावपट्टीच्या रेषेत येतं, पण खाली उतरतच नाही

नमस्कार मंडळी,

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०, सेसना १७२, जी१००० (डिजिटल पडद्यांचं) वालं कॉकपिट. पुण्याहून निघायचं आणि मुंबईत २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर आयएलएसने (धावपट्टीची रेषा आणि उतार रेडिओ सिग्नलने दाखवणारी यंत्रणा) उतरायचं, एवढंच करायचंय आणि तिथेच गाडं अडलंय. हवा मोकळी असली की डोळ्यांनी बघून उतरणं जमतं. पण पावसाळ्यात लाइव्ह वेदर लावलं की वाशीच्या खाडीपर्यंत काचेबाहेर काहीही दिसत नाही, आणि मला नेमकं तशाच हवेत उतरायला शिकायचंय. त्यामुळे कृपया हवामान बदलायचा सल्ला नको.

मी करते ते असं: वर्ल्ड मॅपवर पुणे ते मुंबई मार्ग टाकते आणि अप्रोचमध्ये (उतरण्याच्या शेवटच्या मार्गात) आयएलएस २७ निवडते. ६००० फुटांवर जाऊन ऑटोपायलट नॅव्हवर (टाकलेल्या मार्गाने नेणारा मोड). घाट संपला की ३००० फूट लावून व्हीएस (चढण्या-उतरण्याचा दर, मिनिटाला फुटांत) उणे ५००. ३००० ला विमान स्थिरावलं की एपीआर (अप्रोच) बटण दाबते.

त्यानंतर पीएफडीच्या (समोरच्या मुख्य पडद्याच्या) वरच्या पट्टीत डावीकडे हिरव्या अक्षरांत जीपीएस आणि उजवीकडे एएलटी (उंची धरून ठेवणारा मोड) दिसतं. एचएसआयची (दिशा दाखवणाऱ्या तबकडीची) सुई जांभळी. विमान वळून धावपट्टीच्या रेषेत अगदी छान येतं. पण उंची ३००० वरून हलत नाही. अल्टिमीटरच्या बाजूला ग्लाइडस्लोपचा (उताराच्या रेषेचा) जो हिरवा हिरा दिसायला हवा, तो येतच नाही. घाटकोपरवरूनही मी ३००० फुटांवरच असते, मग उतरणार कशी?

जवळ आल्यावर सीडीआयची (सुई जीपीएसवर की रेडिओवर चालेल ते बदलणारी) सॉफ्टकी दाबून पाहिली, तर सुई हिरवी झाली, हिराही आला, पण तो थेट तळाशी. शिवाय त्याच क्षणी पट्टीतलं जीपीएस जाऊन आरओएल आलं, पंख सरळ झाले आणि विमान हळूहळू रेषेबाहेर सरकायला लागलं.

तीन शंका आहेत. नॅव्ह१ च्या (पहिल्या नेव्हिगेशन रेडिओच्या) खिडकीत शेजारीशेजारी दोन आकडे असतात, आयएलएसची फ्रिक्वेन्सी त्यातल्या कुठल्या बाजूला हवी? कोर्सचा नॉब फिरवावा लागतो का? काही व्हिडिओंत फिरवतात, काहींत हातही लावत नाहीत. आणि ३००० फूट ही उंची बरोबर आहे का? बघितलेले बहुतेक व्हिडिओ सपाट मुलखातल्या विमानतळांचे आहेत, आपल्याकडे घाट मध्ये येतो तो त्यांना नाही.

प्रतिसाद १

ताई, पट्टीतली अक्षरं लिहिलीत हे फार बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. जीपीएस हिरव्यात आणि सुई जांभळी, म्हणजे ऑटोपायलट आयएलएस ऐकतच नाहीये. तो उपग्रहाच्या मार्गावरून चाललाय. अप्रोच मार्गात टाकलेला असल्यामुळे तो धावपट्टीच्या रेषेतही बरोबर येतो, आणि म्हणूनच सगळं ठीक चाललंय असं वाटतं. पण आयएलएसचा ग्लाइडस्लोप जमिनीवरच्या अँटेनाकडून येतो. रिसीव्हरला सुईशी जोडल्याशिवाय एपीआर दाबून ऑटोपायलटला उताराची बाजू मिळणार नाही.

आता फ्रिक्वेन्सी. जी१००० मध्ये नॅव्हच्या चौकटीत चालू फ्रिक्वेन्सी उजवीकडे असते आणि राखीव डावीकडे. कॉमच्या (बोलण्याच्या रेडिओच्या) चौकटीत बरोबर उलटं, चालू डावीकडे. दोन्ही चौकटींत चालू आकडा स्क्रीनच्या मधल्या बाजूला, असं लक्षात ठेवा. अप्रोच लोड केल्यावर यंत्र फ्रिक्वेन्सी स्वतःहून भरतं, पण ती राखीव जागेत बसली असेल तर दोन बाणांचं बटण दाबून चालूमध्ये आणावी लागते. आकडा आयएलएसचाच आहे ना, हे ओळखायची सोपी खूण सांगतो: लोकलायझर (आयएलएसचा धावपट्टीची रेषा दाखवणारा भाग) १०८ ते ११२ मेगाहर्ट्झमध्ये असतो आणि दशांशानंतरचा पहिला अंक नेहमी विषम. ११०.३० असेल तर आयएलएस, ११०.४० असेल तर नाही. ग्लाइडस्लोपची फ्रिक्वेन्सी वेगळी, ३३० मेगाहर्ट्झच्या आसपास असते, पण ती लोकलायझरशी जोडलेली असल्याने आपल्याला वेगळी लावावी लागत नाही.

सिग्नल मिळायला लागला की आकड्याशेजारी स्टेशनची अक्षरं उमटतात. ती चार्टशी जुळवून बघाच. चार्ट विमानतळ प्राधिकरणाच्या ई-एआयपीमध्ये (अधिकृत ऑनलाइन माहितीपुस्तकात) फुकट मिळतो. फक्त सिमचा नॅव्हडेटा आणि चार्ट यांच्या तारखा वेगळ्या असतील तर सिमचा आकडा धरा.

मग क्रम असा ठेवा. रेषेपासून लांब असतानाच ऑटोपायलट नॅव्हवरून एचडीजीवर (लावलेली दिशा धरणारा मोड) घ्या. एचडीजीवर असताना सीडीआय दाबलंत तर विमानाला काही फरक पडत नाही. नॅव्हवर असताना दाबलं की ज्या मार्गावर तो चालला होता तोच नाहीसा होतो आणि म्हणून तो आरओएलवर येतो. तुमच्याकडे तेच झालं. सीडीआय दाबून सुई हिरवी आणि शेजारी एलओसी१ आलं की एपीआर. आता पट्टीत डावीकडे एचडीजी हिरवं आणि त्याच्या बाजूला एलओसी पांढरं, उजवीकडे एएलटी हिरवं आणि जीएस पांढरं दिसायला हवं. पांढरं म्हणजे दबा धरून बसलेलं, हिरवं म्हणजे काम करणारं. पांढरी अक्षरं दिसली नाहीत तर पुढे जाऊ नका, तिथेच काय राहिलं ते शोधा.

कोर्सच्या नॉबबद्दल दोन्ही व्हिडिओ आपापल्या जागी बरोबर आहेत. धावपट्टीच्या डावीकडे लोकलायझरच्या सिग्नलमध्ये ९० हर्ट्झचा स्वर जोरात असतो, उजवीकडे १५० हर्ट्झचा, आणि सुई या दोन्हींतला फरक दाखवते. नॉब कुठेही असला तरी सुईचं सरकणं तेवढंच राहतं. व्हीओआरमध्ये (दुसऱ्या प्रकारच्या रेडिओ दिशादर्शकात) तसं नसतं. पण एचएसआयवर बाण चुकीच्या दिशेला असेल तर चित्र उलटसुलट दिसतं, आणि हा ऑटोपायलट कोर्सचा आकडाही हिशेबात धरतो. म्हणून चार्टवरचा फायनलचा कोर्स लावलेला असलाच पाहिजे. अप्रोच लोड असेल तर बहुधा तो आपोआप बसतो, तरी नजर टाका.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. घाटाचा मुद्दा मात्र वेगळा घ्यायला हवा, कारण बटणं बरोबर दाबूनही ताईंना ग्लाइडस्लोप वरून भेटण्याची शक्यता आहे. वरून तो पकडू नये. खऱ्या आयएलएसमध्ये ९ अंशांच्या आसपास खोटा ग्लाइडस्लोपही असतो, म्हणून नेहमी खालून, सपाट उडत असताना भेटायचं.

हिशेब सोपा आहे. ३ अंशांचा उतार म्हणजे दर सागरी मैलाला साधारण ३१८ फूट. मुंबई विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीवर, ४० फूट धरा. ३००० फुटांवर असाल तर ग्लाइडस्लोप ९.३ मैलांवर भेटेल, म्हणजे महापे आणि तळोजा यांच्या दरम्यान कुठेतरी. वाशी-कोपरखैरण्याच्या वर साधारण २१०० फूट, घाटकोपरवर ६०० च्या जवळपास. तेव्हा ३००० ही उंची चांगलीच आहे, फक्त ती १० मैलांच्या आधी गाठलेली हवी.

अडचण येते ती वाटेत. पुण्याहून सरळ रेषेत आलात तर पनवेलच्या बाजूने लोकलायझर फारच जवळ भेटतो, वळायला आणि स्थिरावायला जागा उरत नाही. खऱ्या विमानांना रडारवरून वळणं देऊन आधीच रेषेवर आणतात. सिममध्ये ते काम आपलं आपण करायचं. मी असं करतो: खंडाळ्यावरून कर्जतकडे, माथेरान डाव्या हाताला ठेवून नेरळवर यायचं, आणि तिथून हेडिंग ३००. तीसेक अंशांच्या कोनात लोकलायझर आरामात भेटतो. माथेरान आणि मलंगगड दोन्ही साधारण ८०० मीटर, म्हणजे २६०० फुटांच्या घरात आहेत. ढगात ते दिसणार नाहीत. मलंगगड मागे पडेपर्यंत ४००० च्या खाली येऊ नका. तिथून १००० फूट उतरायला ५०० च्या दराने दोनच मिनिटं लागतात.

आणि पावसाळ्यात अल्टिमीटर विसरू नका. हवेचा दाब १००३ मिलीबार असताना तुमचा १०१३ वर राहिला, तर यंत्र ३००० दाखवेल आणि तुम्ही प्रत्यक्षात २७०० च्या आसपास असाल. मलंगगडाशेजारी ते ३०० फूट फार मोलाचे. कीबोर्डवर बी दाबलं की सिम तिथला दाब लावतं. घाट उतरल्यावर पुन्हा एकदा दाबा.

प्रतिसाद ३

स्टेशनची अक्षरं जुळवा असं वर म्हटलंय, त्याचं एक उदाहरण. लंडन हीथ्रोला २७ लेफ्ट आणि ०९ राइट ही एकाच धावपट्टीची दोन टोकं, आणि दोन्हींच्या आयएलएसची फ्रिक्वेन्सी एकच, १०९.५०. अक्षरं मात्र वेगळी: २७ लेफ्टला आयएलएल, ०९ राइटला आयबीबी. प्रत्यक्षात एका वेळी एकच टोक चालू असतं. सिममध्ये दुसरं टोक लागलं तर सुई उलटी चालते आणि कारण लवकर सापडत नाही.

मुंबईत आणखी एक कारण आहे. जुहूची धावपट्टी सांताक्रूझच्या (म्हणजे मुंबई विमानतळाच्या) अगदी जवळ, दिशाही जवळपास तीच. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपून पुढे गेलं. ढगाच्या फटीतून धावपट्टी दिसली तरी सुईवरची नजर काढू नका, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार! आत्ता उडवून आले. नॅव्ह१ मध्ये फ्रिक्वेन्सी डावीकडेच होती. ती उजवीकडे घेतली, नेरळवर एचडीजी ३००, सीडीआय, एपीआर. पट्टीत पांढरी एलओसी आणि जीएस दोन्ही दिसली, मग तळोज्याच्या अलीकडे एलओसी हिरवं झालं आणि विमान स्वतःहून वळलं. हिरा वरून सावकाश खाली येताना बघणं हा काय सुंदर प्रकार आहे! मध्यावर आला आणि जीएस हिरवं.

आता पुढची अडचण. उतार लागल्यावर आधी वेग ११५ पर्यंत वाढला. मी पॉवर कमी करून फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण टाकले तर नाक वरखाली व्हायला लागलं आणि वेग ६५ वर आला. समोरून वारा साधारण १५ नॉट होता. पॉवर किती ठेवायची? आणि ऑटोपायलट कुठे सोडायचा?

प्रतिसाद १

वा, अभिनंदन ताई!

१७२ ला ऑटोथ्रॉटल नाही. ऑटोपायलट फक्त नाक वरखाली करून ग्लाइडस्लोप धरतो, वेग सर्वस्वी तुमच्या हातात. उतारावर फ्लॅप एकदम टाकले की विमान वर उचललं जातं, ऑटोपायलट नाक दाबतो, मग वेग पडतो आणि तो नाक उचलतो. म्हणून जे बदलायचं ते हिरा मध्यावर यायच्या आधीच बदला. ३००० वर सपाट असतानाच वेग ९० वर आणा आणि फ्लॅप १० अंश टाका. हिरा मध्याच्या जरा वर असताना पॉवर कमी करायला घ्या. १९०० आरपीएमच्या आसपास सुरुवात करा आणि तिथून थोडं थोडं बदला. धावपट्टी दिसेपर्यंत फ्लॅप १० च राहू द्या, मुंबईची धावपट्टी १७२ साठी भरपूर लांब आहे.

उतरण्याचा दर जमिनीवरच्या वेगावरून काढा: वेग गुणिले पाच, वर थोडंसं. वारा नसताना ९० ला ४५० ते ४८०. समोरून १५ चा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ७५, मग दर ४०० च्या आसपास पुरतो. पावसाळ्यात २७ वर वारा बहुधा समोरूनच असतो, त्यामुळे पॉवर नेहमीपेक्षा थोडी जास्तच लागेल.

ऑटोपायलट २०० फुटांच्या खाली नेऊ नका. कॅट १ (साध्या दर्जाच्या) आयएलएसमध्ये निर्णयाची उंची सर्वसाधारणपणे जमिनीपासून २०० फूटच असते, म्हणजे मुंबईत अल्टिमीटरवर २४० च्या जवळपास. नेमका आकडा चार्टवरून घ्या आणि मिनिमम्समध्ये भरून ठेवा. तिथे दिवे दिसले तर ऑटोपायलट सोडून हाताने उतरा. नाही दिसले तर पूर्ण पॉवर, नाक वर, आणि चार्टवरच्या मिस्ड अप्रोचने (न उतरता परत वर जाण्याच्या मार्गाने) निघा. दिवे न दिसणारा सरावही मुद्दाम करा, तुम्हाला शिकायची आहे ती हवा तीच आहे.

दर वेळी पुण्याहून निघायची गरज नाही. वर्ल्ड मॅपवर नेरळच्या जागी क्लिक करून सेट अॅज डिपार्चर करा, विमान हवेतच सुरू होतं. उंची ४००० करून, बी दाबून, नॅव्ह१ बघून लगेच कामाला लागा. पुढच्या वेळी जीएस हिरवं झाल्यावरचा वेग आणि आरपीएम इथे लिहा, म्हणजे नाक अजून हलत असेल तर कारण सापडेल.