वडापावच्या गाडीवर मोमो कसे आले?

डोंबिवलीकर: स्टेशनबाहेर संध्याकाळी वडापावपेक्षा मोमोच्या स्टीमरपुढे जास्त गर्दी दिसते. कॉलेजची पोरं तर शेजवान, मेयोनीज, चीज असल्याशिवाय वड्याला हात लावत नाहीत. लोकांची चव बदलली की धंदाच बदलला?

गाडीवाल्याचा मुलगा: दोन्ही, पण आधी धंदा. वडा म्हणजे सकाळीच बटाटे उकडा, सोला, आलं-लसूण-मिरची वाटा, बेसन कालवा. उन्हाळ्यात उरलेली भाजी संध्याकाळपर्यंत आंबते, ती टाकावीच लागते. मोमो गोठवलेले, तयार मिळतात. गिऱ्हाईक आलं की हवे तेवढेच वाफवायचे, बाकीचे फ्रीजरमध्ये. तळणीचं तेलही वाचतं. आणि चीज किसून घातलं की त्याच वड्याचा भाव वाढवता येतो. बाबा कबूल करणार नाहीत, पण आमच्या गाडीवरही चीजचं पाकीट असतं! लसणीची सुकी चटणी मात्र आई घरीच कुटते.

लालबागची सून: वडापाव तरी कुठे पणजीच्या काळचा? १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असं सांगतात. पाव पोर्तुगीजांमुळे आला, बटाटाही बाहेरचाच. गिरणी कामगारांना उभ्या उभ्या खाता येईल असं स्वस्त, पोटभरीचं हवं होतं. १९८२च्या संपानंतर सासऱ्यांसारख्या कित्येकांनी गाड्या टाकल्या.

डोंबिवलीकर: पटलं. पण बटाटेवड्यावर मेयोनीज? छे!

गाडीवाल्याचा मुलगा: मग सुकी चटणी जास्त मागून घ्या, काका. तळलेली मिरची फुकट.