नावाडी, काईल आणि उतार: तुमच्या आठवणी लिहा

पैलवानाचा मान आपल्याकडं मोठा, पण रस्त्याकडेला नावाड्याच्या नावाचा चौथरा मी तरी कोल्हापुरात पाहिलेला नाही. पंचगंगेवरचा जुना शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकातला, त्यामुळं शहरवाल्यांना नावेची आठवणच उरली नाही. कासारी, कुंभी, भोगावती, वारणा आणि खाली कृष्णा, ह्या काठांवरच्या कितीतरी गावांना पुलाची वाट बघावी लागली. बंधारे झाले, पण कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे उघाडीचा रस्ता. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे, पाणी चढलं की बंधारा बुडणार आणि पुन्हा नाव. असा एक दगड उभा करायचा झाला तर त्यावर काय कोरायचं? नावेत बसलेल्यांनी सांगा.

कुंभीकाठची:
काईल कोरा! आमच्या गावात नाव नव्हतीच. बंधारा बुडाला की गुऱ्हाळातली काईल, म्हणजे गुळाची मोठी कढई, नदीत. एरवी चुलाणावर रस आटवणार, पावसाळ्यात आम्हाला शाळेला नेणार. तिला ना नाळ ना सुकाणू, मधल्या धारेला लागली की भिंगरीगत फिरायची. दोघं गडी कड्या धरून पोहत ढकलायचे, आत आम्ही सात-आठ पोरी, मांडीवर दप्तरं. काकांचा एकच हुकूम: खाली बसा, काठाला कुणी रेलायचं न्हाई. मी रेललेच. बाहेरच्या अंगाला वर्षानुवर्षांची काजळी, ती हाताला आणि हातावरनं पांढऱ्या ब्लाऊजला. बाईंनी विचारलं, "चुलीत पडलीस काय गं?" घरी आई म्हणाली, "असू दे, दृष्ट लागायची न्हाई."

खिद्रापूरचा भाचा:
आमच्या मावशीकडं, कोपेश्वराच्या देवळाजवळ कृष्णा, पलीकडं कर्नाटकातलं जुगूळ. नावाडीमामा ह्या काठाला मराठी, त्या काठाला कानडी, आणि मधल्या धारेत कुणाशीच बोलायचे नाहीत. मोटारसायकल, शेळी, रुखवत, सगळं एकाच नावेत. पाणी जोरात असलं की मामा आधी काठाकाठानं नाव वरच्या अंगाला ओढत न्यायचे, मग सोडायचे. धारच तिला तिरकी पलीकडच्या उतारावर, म्हणजे नाव लागायच्या जागी, आणून लावायची. लहानपणी मला वाटायचं, मामा वाट चुकले.

शहरातला:
आठवण उरली नाही म्हणू नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, आणि आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला नाव लागलेली. बायको विचारते, "चपला घालू का हातात घेऊ?"

शिरोळहून:
आजा नावाडी होता, म्हणून लिहितोय. गावातल्या माणसाकडनं खेपेचे पैसे घ्यायचे नाहीत, सुगीला खळ्यावर जाऊन शाळू मागायचा, अशी रीत. कोण सूप भरून घालायचा, कोण "फुडच्या साली बघू" म्हणायचा. आणि हा दुसराच मध्यरात्री पलीकडनं हाळी द्यायचा. आजा शिव्या घालत उठायचा, पण उठायचा. बाळंतीण हाय म्हटलं की शिव्या पण न्हाईत.

उन्हाळ्यात नाव पालथी घालून फटीत काथ्या ठोकायचा, वरनं डांबर. पूल झाला त्या साली डांबर आणलं नाही. दोन वर्षं नाव तशीच पालथी, खाली कोंबड्या. मग एक दिवस फळ्या उचकटून आज्यानं म्हशींची गव्हाण केली. अजून तीच हाय, कुजली नाही.

स्मारक करा, पण पाटीवर उद्घाटकाचं नाव मोठं आणि खाली बारीक अक्षरात 'नावाडी', असलं नको.

कुंभीकाठची:
दादा, त्या गव्हाणीचा फोटो टाका की.

शिरोळहून:
टाकतो आक्का. धार काढून होऊ दे, म्हैस तोंड बाजूला घेईना.